उल्लेखनीय धोका नाही

९ एप्रिल

प्रिय गुंड्या,

तुझं पत्र मिळालं. सुरुंगबंदीच्या परिषदेची फाईल तुझ्या टेबलावर आली हे तुझ्या काकांनी दुकानात येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगून टाकलं. एका बाईचं घड्याळ उघडून ठेवून ते इतका वेळ तुझं कौतुक करत बसले की ती शेवटी म्हणाली, "भाचा परिषदेला जाईल तेव्हा जाईल, माझं घड्याळ तेवढं चालू करा." तुझी आई असती तर तिनेही हेच केलं असतं. ती गेल्यावर तू आमच्याकडे आलास तेव्हा दिवसभर दाराआड बसायचास. तो मुलगा आता देशाचं भाषण लिहिणार म्हणजे गंमतच आहे.

आता कामाचं. बर्फ वितळल्यापासून माझ्या दवाखान्यात तीन शेळ्या आणि एक गाढव आलं. चौघांचंही तेच: वरच्या सुरुंगांच्या पट्ट्यात शिरले आणि पाय गेला. शेळ्यांचं काही करता आलं नाही. गाढवाला मी इंजेक्शन देऊन शांत केलं. मालक रडला नाही, मी रडले. आता आमच्यातलं गाढव कोण, ते तूच ठरव.

तो लाल पाट्यांचा पट्टा तुला आठवत असेल. लहानपणी तू तिकडे नुसतं बोट दाखवलंस तरी फटका खायचास.

तर मला सांग, आपला देश परिषदेत काय म्हणणार? सुरुंग बंद करणार की नाही? एका ओळीत लिही. मुत्सद्द्यांची भाषा मला कळत नाही. माझे पेशंट फार तर हंबरतात.

तुझी,
मावशी

ता. क. फोनचा नाद सोड. सीमेच्या पट्ट्यात टॉवर उभारू देत नाहीत आणि पोस्टातली लाइन अर्ध्या वाक्यात तुटते. पत्रच बरं.

२४ एप्रिल

मावशी, नमस्कार.

काकांना आवर गं. फाईल माझ्याकडे आली म्हणजे धोरण माझ्याकडे आलं असं नाही. मी मसुदा लिहितो. त्यावर संचालकबाई हात फिरवतात, त्यावर सचिव, त्यावर संरक्षण खातं. शेवटी माझं स्वतःचं म्हणून जे उरतं ते स्वल्पविराम.

तू एका ओळीत उत्तर मागितलंस. तत्त्वतः हो, तूर्त नाही. हसू नकोस.

परवा सगळ्या खात्यांची बैठक झाली. मी कोपऱ्यात बसून टिपणं घेत होतो. लष्कराचे एक वयस्क अधिकारी म्हणाले, "हिवाळ्यात त्या डोंगरावर माणसं उभी करून बघा. माझ्या पोरांची बोटं गारठून गळतात. सुरुंगाला थंडी वाजत नाही." समोर एक शल्यविशारद बाई होत्या, मदतसंस्थेकडून आलेल्या. त्या म्हणाल्या, "आणि लढाई संपली हेही त्याला कळत नाही." मला दोघांचंही पटलं. खरं सांगायचं तर मला तिथे सगळ्यांचंच पटत होतं.

शेवटी ठरलं ते असं की पलीकडच्यांनी सही केल्याशिवाय आपण करायची नाही. भाषणात मात्र आपण किती जबाबदारीने वागतो ते सांगायचं. त्यासाठी मी एक वाक्य लिहिलं आणि ते सगळ्यांना आवडलं: "आमचे सुरुंग केवळ कुंपण घातलेल्या व खुणा केलेल्या पट्ट्यात असून नागरिकांना त्यांपासून कोणताही धोका नाही."

शेळ्या-गाढवं यात येत नाहीत, हे मला ठाऊक आहे. परिषद सप्टेंबरात आहे. काकांना म्हणावं, मी फक्त कागद घेऊन मागे बसणार आहे.

तुझा,
गुंड्या

६ मे

प्रिय गुंड्या,

तुझं वाक्य मी दोनदा वाचलं. भाषा छान आहे. आता वस्तुस्थिती ऐक.

गेल्या महिन्यात ओढ्याला पूर आला. वरचा उतार कुंपणासकट घसरला. दोन लाल पाट्या वाहत खाली पुलाला येऊन अडकल्या, शिंपीणबाईने त्यातल्या एकीचं कोंबड्यांच्या खुराड्याला दार केलं. पाट्या वाहून येतात, खांब वाहून येतात, मग जमिनीत पुरलेलं वर थांबेल का रे? परवा आमच्या बागेच्या खाली, ओढ्यातल्या वाळूत, एका कुत्र्याने काहीतरी उकरलं. डबीएवढं. जवान आले, नीट बोलले, आम्हाला लांब उभं केलं आणि ते घेऊन गेले. आणखी असतील का म्हणून मी विचारलं, तर त्यांचा म्होरक्या म्हणाला, "बाई, आमच्याकडचा नकाशा डोंगराचा आहे. पाण्याचा नाही."

मी काही भाबडी नाही. सीमेपलीकडचे लोक डोंगर उतरून आले होते त्या साली मी तरणी होते. तुझ्या आईला आणि मला बाबांनी विझलेल्या भट्टीत लपवलं होतं. पुढे तो पट्टा झाला म्हणून आम्ही रात्री झोपायला लागलो. पट्टा नसता तर आमचं काय झालं असतं, मी सांगू शकत नाही. तेव्हा "सुरुंग काढा" असं मी तुला लिहीत नाही, तेवढा माझा वकूब नाही. मी एवढंच म्हणते की खोटं तरी वाचू नका. "कोणताही धोका नाही" हे खोटं आहे. तुझ्या हातचं आहे, तर तूच बदल.

काका मजेत. सकाळी दुकान, संध्याकाळी गळ टाकून ओढ्याकाठी. मी ओरडते. ते म्हणतात, मासे काही बैठकीला बोलावून येत नाहीत, आपल्यालाच जावं लागतं.

मावशी

२५ मे

मावशी, नमस्कार.

बदललं! म्हणजे थोडं बदललं, पण बदललं.

तुझं पत्र मी संचालकबाईंना वाचून दाखवलं. भट्टीचा भाग गाळला, बाकी सगळं वाचलं. बाई कडक आहेत पण माणूस म्हणून चांगल्या. त्यांनी चष्मा काढला, पुराबद्दल दोन प्रश्न विचारले आणि संरक्षण खात्याला टिपण पाठवायला सांगितलं. दोन आठवडे कागद इकडून तिकडे फिरला. तिकडून उत्तर आलं की पुराबाबत अधिकृत नोंद नाही. बाई तरीही भांडल्या. शेवटी मसुद्यात असं झालं: "नागरिकांना त्यांपासून उल्लेखनीय धोका नाही."

"कोणताही" गेलं, "उल्लेखनीय" आलं. तुला हे हास्यास्पद वाटेल. पण ज्या मसुद्यातला एक शब्द हलवायला पाच सह्या लागतात, तिथे आपल्या ओढ्यातल्या वाळूने शब्द हलवला. त्या दिवशी मी घरी चालत गेलो. बसमध्ये बसवेना इतका आनंद झाला होता.

काकांनी बऱ्याच दिवसांत दोन ओळी लिहिल्या नाहीत. माझ्यावर रागावले की काय? त्यांना ओढ्याकाठी जाऊ देऊ नकोस.

गुंड्या

२० जून

प्रिय गुंड्या,

पत्राला उशीर झाला. दवाखान्यात काम फार होतं.

काका ठीक आहेत. पाय दुखतो म्हणून हल्ली दुकानात जात नाहीत. रागावलेले नाहीत.

तुझ्या फाईलसाठी लिहिते. इथल्या एका माणसाचा पाय गेला. साठी उलटलेला आहे. ओढ्याच्या काठावर मासे धरत होता. ती जागा कुंपणाच्या बाहेर आहे, बरीच बाहेर. डावा पाय घोट्याच्या वर कापावा लागला. वाचला. हे "उल्लेखनीय" आहे का ते तुमच्या बैठकीत विचार. पुराचं पाणी जिथे जिथे पोचलं तो सगळा काठ तपासायला माणसं पाठवा, एवढं तरी करून घे. तिथे बसून हे करू शकेल असा आपल्याकडचा दुसरा कुणी नाही.

जेवत जा वेळेवर.

मावशी

८ जुलै

मावशी,

तुझं पत्र इतकं कोरडं होतं की मीच काही चुकलो का म्हणून पुन्हा वाचलं. "उल्लेखनीय" या शब्दावर मी जो नाचलो त्याचा तुला राग आला असणार. यायलाच हवा.

त्या माणसाची हकीकत मी टिपणात घातली. यावेळी संचालकबाई जास्तच गंभीर झाल्या. म्हणाल्या, "हे खरं असेल तर वाक्य उभंच राहत नाही. पण मला माणूस हवा. नाव, वय, इस्पितळाचा दाखला. 'एक माणूस' म्हटलं तर ते उद्या म्हणतील की गुंड्याच्या मावशीने कादंबरी लिहिली." (मला ऑफिसात गुंड्या कुणी म्हणत नाही, पण मुद्दा तोच.)

तर मावशी, एवढं कर. त्या माणसाला भेट. घाबरू नको म्हणावं, कुणी त्रास देणार नाही. त्याची सही आणि दाखला पाठव. त्याच्या घरी कोण आहे, कमावतं कोण, तेही लिही. हे जमलं तर वाक्य जाईल, आणि काठाची तपासणीही होईल असं मला खरोखर वाटतं.

काकांच्या पायाचं मनावर घे. वयाप्रमाणे होतं असं म्हणून सोडू नकोस. त्यांना म्हणावं, थोडं चालत जा रोज.

गुंड्या

१९ जुलै

चि. गुंड्यास अनेक आशीर्वाद.

तुझ्या मावशीने सगळं कळवलंच असेल, म्हणून मी पाल्हाळ लावत नाही. तिची परवानगी न घेता लिहितो आहे. ती शिंपीणबाईच्या गाभण गाईला बघायला गेली आहे.

तू लिहिलंस की काकांना रोज थोडं चालायला सांग. तुझ्या पत्राचं शेवटचं पान तेवढं टेबलावर राहिलं होतं, ते वाचून मी इतका हसलो की शेजारीण धावत आली. अरे, मी तुझ्या सल्ल्यावर मनापासून विचार करतोय. निम्मं चालणं तर आत्ताही जमेल! डाव्या पायाचा एक बूट आहे, जवळजवळ नवा. तुझ्या राजधानीत कुणी उलट्या बाजूचा गडी सापडला तर कळव, जोडी लावू.

तुझ्या मनात येत असेल की दुखलं का. आधी काही कळलंच नाही. मला वाटलं दरड कोसळली. मी ओढ्यात उताणा पडलो होतो आणि गळाची काठी अजून हातात होती. तुझी मावशी बागेतून धावत आली. कुठे पाय टाकायचा हे न बघता आली, त्याबद्दल मी तिला अजून बोलतो. गुरांना बांधतात तसली रबरी नळी माझ्या मांडीला आवळून तिने मला एकटीने ओढत वर आणलं. इस्पितळात डॉक्टर म्हणाले की हे बांधलं कुणी, फार व्यवस्थित बांधलंय. ती म्हणाली, "मी बैलांची डॉक्टर आहे." त्यावर मी म्हणालो, "म्हणूनच."

पण एक सांगतो, तिला सांगू नकोस. ती माझ्यासमोर हसते आणि गोठ्यात जाऊन बसते. तू एकदा येऊन जा.

तुझा,
काका

२ ऑगस्ट

मावशी,

काकांचं पत्र आलं.

ते ऑफिसच्या पत्त्यावर आलं आणि मी ते टेबलावरच उघडलं. तो बुटाचा विनोद मला आधी कळलाच नाही. मग कळला. माझ्या तोंडून कसला तरी आवाज निघाला असणार, कारण सगळे वळून बघायला लागले. संचालकबाईंनी मला आत बोलावून दार लावलं, पाणी दिलं. मी पत्र त्यांच्यासमोर ठेवलं. मला ते लपवता आलं असतं. सुचलंच नाही. उलट मला वाटलं, बाईंना माणूस हवा होता, हा घ्या माणूस. नाव, वय, सगळं मला पाठ आहे.

त्यांनी पूर्ण पत्र वाचलं. डोळे पुसले, खोटं नाही सांगत. मग म्हणाल्या, "मला फार वाईट वाटतं. पण आता ही फाईल तुमच्याकडे ठेवता येणार नाही. तुमचा हितसंबंध आला." मी म्हणालो, "बाई, काकांचा पाय गेलाय, यात माझं कसलं हित आणि कसला संबंध?" त्या म्हणाल्या, "तुमची आधीची टिपणंही आता घरची म्हणून बाजूला टाकतील. मी मांडून बघेन, पण मी ओळखते त्यांना."

मला नद्यांमधल्या मासेमारीच्या कराराचं टेबल दिलंय. मासेमारीचं, मावशी.

तू मला का सांगितलं नाहीस? "इथल्या एका माणसाचा" असं लिहिलंस. आणि मी तुला त्याच्या घरी जाऊन त्याची सही आणायला सांगत होतो. मला रजा मिळत नाही, परिषद होईपर्यंत सगळ्यांच्याच रजा बंद आहेत. मी काय करू ते सांग.

गुंड्या

१४ ऑगस्ट

प्रिय गुंड्या,

तुझं जुलैचं पत्र वाचलं तेव्हा, घरी कोण आहे आणि कमावतं कोण असं विचारलंस ना, तेव्हा मी सगळं खरं लिहून, दाखल्याच्या कागदासकट पाकिटात घालून पाकीट चिकटवलंही होतं. मग फोडलं.

तुला सांगितलं असतं तर तू भाचा झाला असतास, आणि भाच्याला तिथून उठवतात हे मला कळत होतं. आमच्या खात्यातही असंच असतं, आपल्याच गोठ्यातल्या गुराचा दाखला आपण द्यायचा नसतो. तुला तिथे बसवून ठेवायचं होतं. म्हणून तुझ्या काकांना "एक माणूस" केलं. त्यात मग काकांनाच सांगायला विसरले. गुंड्यापासून काही लपवायचं असतं हे त्यांना जन्मात सुचलं नसतं.

तू बाईंना पत्र दाखवलंस त्यात तुझी चूक नाही. नाव दिलं तर घरचा म्हणून चालत नाही, नाही दिलं तर माणूसच नाही म्हणतात. यातून वाट कुठे होती, मी रात्रंदिवस शोधते आहे. मला सापडली नाही. तुला सापडली तर कळवू नकोस. आता उपयोग नाही.

तू काय करणार? जेव, झोप. मासेमारीचं काम नीट कर.

मावशी

३० सप्टेंबर

मावशी, नमस्कार.

परिषद झाली. तू रेडिओवर ऐकलंच असशील. आपण तटस्थ राहिलो. माझं वाक्य जसंच्या तसं वाचलं गेलं, "उल्लेखनीय"सकट. मी खालच्या मजल्यावर, मासेमारीच्या टेबलाशी ऐकत होतो. वाचणाऱ्याचा आवाज छान होता. एके ठिकाणी मी स्वल्पविराम दिला होता, तिथे तो बरोबर थांबला.

पण एक चांगली बातमी आहे, आणि ती तुला मीच सांगावी असं संचालकबाई म्हणाल्या. त्यांनी माझं टिपण टाकून दिलं नव्हतं. परिषदेत कुणी पुराबद्दल विचारलं तर पंचाईत नको म्हणून संरक्षण खात्याने ओढ्याकाठची पाहणी मंजूर केली आहे. कुंपण आणि पाट्या नव्याने घालण्याचा हुकूम निघाला. येत्या महिन्यात माणसं पोचतील. उशिरा का होईना, काहीतरी झालं. झालं ना?

रजा नोव्हेंबरात मिळेल. तोवर दोघांनी इकडे येण्याचा विचार करा. माझी खोली लहान आहे, पण तळमजल्यावर आहे, काकांना जिना चढावा लागणार नाही.

गुंड्या

२८ ऑक्टोबर

प्रिय गुंड्या,

माणसं आली होती. आठवडाभर तंबू ठोकून राहिली. मला वाटलं काठ तपासतील, सापडेल ते काढतील. मी त्यांना चहा नेऊन दिला. त्यांचा साहेब म्हणाला, "काढायचा हुकूम नाही बाई. आखायचा आहे." मग पुराचं पाणी जिथवर आलं होतं तिथवर त्यांनी खांब रोवले आणि तार ओढली. ओढा आत गेला. गायरान आत गेलं. आमच्या बागेची खालची बाजूही आत गेली, झाडांवर फळं होती. दर दहा पावलांवर लाल पाटी. आता कुंपण आहे, खुणा आहेत. तुझ्या भाषणात खोट काढायला कुणाला जागा नाही. तुला दुखवायला लिहीत नाही. तुला खरं कळावं म्हणून लिहिते.

काल शिंपीणबाईची गाय आत शिरली. तिला काय कळतं, जन्मभर तिथेच चरली. तार अजून ढिली आहे, मान घालून रेटलं की झालं. दिवस भरले होते तिचे. शिंपीणबाई धावत मला बोलवायला आली. मी बॅग घेऊन निघाले. काका म्हणाले मीही येतो, आणि कुबड्या घेऊन आलेच.

गाय तारेपासून फार लांब नव्हती. या खोलीतून अंगणाच्या टोकापर्यंत, एवढीच. आडवी पडली होती आणि वेणा चालू होत्या. मला तारेपाशी उभं राहूनच दिसलं की वासरू आडवं आलंय. गुंड्या, हे काम मी झोपेतही करीन. कोपरापर्यंत हात घालायचा, वळवायचं, ओढायचं. आम्ही तिला हाका मारल्या. "ये गं, ये बाई, ऊठ." तिने दोनदा मान उचलून बघितलं. उठायचा प्रयत्न केला, जमलं नाही.

तिथे पहाऱ्याला एक जवान होता. मी म्हटलं, तुमच्याकडे आत जायची वाट असेल. तो म्हणाला, वाट कुणालाच माहीत नाही. मग मी त्याला गोळी घालायला सांगितलं, निदान सुटेल. त्याने वायरलेसवर विचारलं. "थांबा, वर विचारतो," असं उत्तर आलं. तो थांबला. आम्हीही थांबलो. सारखा मला म्हणत होता, "बाई, मी काय करू?" मला त्याचा राग येईना.

मध्ये कधीतरी मी तारेवर पाय ठेवला. ठेवला हे मला आठवत नाही. काकांनी दोन्ही कुबड्या टाकल्या आणि मला मागून मिठी मारून धरलं. दोघंही खाली पडलो. "तू नाही," म्हणाले. "तू नाही गं." आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना रडताना बघितलं. पाय गेला तेव्हासुद्धा नव्हते रडले.

वरून काही उत्तर आलं नाही. गाईचं ओरडणं हळूहळू बारीक होत गेलं. शिंपीणबाई तारेला धरून बसली आणि तिच्याशी बोलायला लागली. तिच्या आईबद्दल, ती वासरू होती तेव्हा टेबलावरची सुताची रिळं कशी पाडायची त्याबद्दल, कशाहीबद्दल. आवाज तरी ओळखीचा ऐकू जावा म्हणून. थोड्या वेळाने मीही बोलायला लागले. जवानाने टोपी काढून हातात घेतली होती. गाय आमच्याकडे बघत होती, आणि आम्ही बोलत होतो, ती बघायची थांबली तरी आम्ही बराच वेळ बोलत होतो.

मावशी